कासुबाची सूज

झांबियातल्या किटवेच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत चिलुफ्या आणि मी शेजारी शेजारी बसतो. मी शेंगदाणे विकते, ती कापेंटा विकते, म्हणजे खारवून वाळवलेली बारीक मासळी. आमच्याकडं बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मी म्वापेची आई. चिलुफ्याला मात्र लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल झालं नाही, त्यामुळं सगळा बाजार तिला नुसतं चिलुफ्याच म्हणायचा. ते तिला झोंबायचं. बोलून दाखवायची नाही, पण त्याचा राग गिऱ्हाइकांवर निघायचा. एकदा एका बाईनं मासळी चिवडत म्हटलं, "यात वाळू दिसतेय." चिलुफ्या म्हणाली, "हो मावशी, तळ्यातलीच आहे. वाळूचे पैसे घेत नाही मी, राहू दे."

मग कासुबा झाली. नाजूक, काटकुळी पोर. चिलुफ्याचा नवरा कपेम्ब्वा सोलवेझीकडच्या खाणीत ट्रक चालवायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. त्यामुळं पोर आईच्या पाठीवर आणि बाजाराच्या धुळीतच वाढली. कासुबाची आई अशी हाक आली की चिलुफ्या मुद्दाम दुसऱ्यांदा हाक येईपर्यंत ओ द्यायची नाही.

कासुबा पाचेक वर्षांची असताना, पाऊस संपत आलेला असेल, ती सकाळी उठली की तिचे डोळे सुजलेले दिसायला लागले. दुपारपर्यंत उतरायचे. आसपासच्या बायका म्हणायच्या, "पोरगी काय छान भरलीय! आईच्या मासळीचा गुण." चिलुफ्याला बरं वाटायचं. मग एक दिवस फ्रॉकची मागची बटणं लागेनात. मोज्याचा वळ पायावर खोल उमटलेला राहायला लागला. मी सहज तिच्या नडगीवर बोट दाबलं, तर तिथं खळगा पडला आणि तो तसाच राहिला.

"हे भरणं नव्हे गं," मी म्हटलं.

दवाखान्यात आधी डोळ्यांचे थेंब दिले. पुढच्या खेपेला जंताचं औषध. सूज पोटावर आली. तेव्हा कपेम्ब्वाची थोरली बहीण न्गोसा घरी राहायला आलेली होती. ती बाई वाईट नव्हती, भावाच्या लेकीवर तिचा जीव होता. पण हे कुणीतरी केलेलं आहे असं तिच्या मनानं घेतलं. चिलुफ्या बाजारात असताना ती पोरीला घेऊन एका वैदूकडं गेली. त्यानं पोटावर वस्तऱ्यानं बारीक चिरा मारल्या आणि त्यात कसल्या तरी मुळीची राख चोळली.

संध्याकाळी चिलुफ्या धावत माझ्या दारात आली. कासुबा तिच्या कडेवर होती, फ्रॉक पुढून सगळा ओला.

"हे बघ. बघ हे."

मी फ्रॉक वर केला. चिरांमधून रक्त येत नव्हतं. पाणी येत होतं, स्वच्छ, मडक्याला तडा गेल्यावर झिरपतं तसं. न्गोसा मागोमाग आली होती. तिनं ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. आम्ही टॅक्सी केली आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात गेलो.

मुलांच्या वॉर्डात डॉक्टर शोंगा म्हणून एक बाई होत्या. उंच, चष्मा केसांत अडकवलेला. त्यांनी पोट बघितलं, चिरा बघितल्या, डोळे बघितले आणि पहिला प्रश्न विचारला तो लघवीचा.

"किती होते?"

"कमी झालीय."

"रंग? लाल? चहासारखी?"

"नाही. पण फेस येतो. चिबुकू बियर ओतल्यावर येतो तसा. आणि बसतच नाही."

"हे दवाखान्यात सांगितलं होतंत?"

"कुणी विचारलं तर सांगू ना!"

कासुबाची थोडी लघवी डॉक्टरांनी काचेच्या नळीत घेतली, वरचा भाग ज्योतीवर धरला, दोन-तीन थेंब कसले तरी टाकले आणि नळी चिलुफ्यापुढं धरली. वर पांढरं घट्ट गोठलं होतं, उकडलेल्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं.

"हे तिच्या रक्तात राहायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. "किडनी ही गाळणी असते. घाण बाहेर टाकायची, चांगलं ठेवायचं. हिच्या गाळणीची भोकं मोठी झालीत, म्हणून चांगलं निसटतंय. ते निसटलं की पाणी रक्तात टिकत नाही, कातडीखाली उतरतं."

"कुणी केलं हे?"

"कुणी नाही. तुम्ही नाही, शेजारणीनं नाही, नणंदेनं नाही. मुलांना होतो हा आजार. चिरा मात्र केलेल्या आहेत, आणि त्या पिकल्या तर सूज राहील बाजूला. म्हणून आज इथंच राहायचं."

चिलुफ्यानं श्वास सोडला. घाबरली की तिची जीभ जास्त चालते. ती म्हणाली, "डॉक्टर, आडनाव शोंगा, म्हणजे तुम्ही न्गोनी. उंदीर खाणाऱ्यांच्या हातचं औषध माझ्या लेकीला लागू कसं पडायचं?"

आम्ही बेम्बा जमातीचे आणि ते न्गोनी, जुन्या लढायांपासूनचे एकमेकांचे थट्टेचे नातेवाईक. कुठंही भेटलो तरी तोंड सोडायचा हक्क असतो, आणि रागवायचं नसतं. डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या, "माकडं खाणाऱ्यांना पडतं लागू, मी पाहिलंय. जीभ दाखवा. तुमची नाही, मुलीची. तुमची दिसली."

मग गोळ्या सुरू झाल्या. सकाळी पोटभर खाऊन घ्यायच्या, रोज, न चुकता. आणि मीठ बंद.

"मी काय विकते माहीत आहे का?" चिलुफ्यानं विचारलं.

"वासावरून कळलं," डॉक्टर म्हणाल्या.

शेजारच्या खाटेवर नासिलेले होती. नऊ वर्षांची, लोझी जमातीची मुलगी, तीही तशीच सुजलेली. तिची आई म्वांगाला उंच आणि अबोल बाई. नवरा वारल्यावर मोंगूकडचं गाव सोडून ती कामासाठी इकडं, आमच्या तांब्याच्या खाणींच्या कॉपरबेल्टमध्ये आली होती, एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. दोन्ही मुलींना तीच सूज, त्याच गोळ्या. नातेवाइकांसाठी बाहेर शेड होती, तिथं दोघी एकाच शेगडीवर शिजवायच्या. मक्याच्या पिठाची अळणी नशिमा, अळणी पाला. पोर अळणी खातेय म्हणून चिलुफ्याही अळणीच खायची. मी जेवण घेऊन गेले की माझ्या डब्याकडं बघायचीसुद्धा नाही.

"तुला कुणी सांगितलंय मीठ सोडायला?" मी म्हटलं.

"तिच्यासमोर बसून खाऊ? तू खा. तिकडं भिंतीमागं जाऊन खा."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाट बघायची. काही मुलांना गोळ्या दोन आठवड्यांत लागू पडतात, काहींना जास्त दिवस लागतात, काहींना पडतच नाहीत. कोणत्या मुलाचं काय होणार हे आधी बघून सांगता येत नाही.

कासुबाला लागू पडल्या. एक दिवस मी गेले तर चिलुफ्या वॉर्डाच्या दारातच उभी होती, हातात भांडं. "मुतली! सकाळपासून मुततेच आहे! चादर भिजवली, मला भिजवलं, त्या नर्सबाईचे बूट भिजवले!" मोठमोठ्यानं सांगत होती. आठवड्याभरात सूज ओसरली आणि खालून आमची जुनी काटकुळी कासुबा निघाली. नळीतली लघवी तापवली तरी पाण्यासारखी स्वच्छ राहिली.

नासिलेलेची तापवली की गोठायचीच.

घरी जायच्या दिवशी चिलुफ्यानं उरलेला कोळसा आणि साबण म्वांगालाला द्यायला काढला. म्वांगालानं घेतला नाही. "तुझी लेक मुतते," ती म्हणाली, "तर तू जा. मला कोळसा देऊन काय होणार आहे?" कोळसा टॅक्सीतून आमच्याबरोबर परत आला.

डॉक्टरांनी तिला ती काचेची नळी घरी दिली आणि शेगडीवर लघवी तापवून बघायला शिकवलं. रोज सकाळी तपासायची. गोळ्या कित्येक आठवडे चालणार होत्या, मग हळूहळू कमी करायच्या. त्यांनी बजावलं होतं की गाल फुगतील, भूक वाढेल, चिडचिड होईल, घाबरायचं नाही.

सांगितलेलं सगळं झालं. कासुबाचे गाल असे वर आले की डोळे बारीक दिसायला लागले. ती सकाळी उठल्यापासून खायला मागायची, नाही दिलं तर ताटली फेकायची. एकदा तिनं माझ्या समोर आईच्या टोपलीतून मूठभर कापेंटा तोंडात कोंबली. चिलुफ्यानं तिच्या तोंडात बोटं घालून ती काढली आणि मग दोघीही रडत बसल्या. बाजारात बायका विचारायच्या, "पुन्हा सूज आली का गं?" न्गोसा म्हणाली, "आधी पाण्यानं फुगली, आता गोळ्यांनी. पोर आहे का उशी, कापूस भरायला?"

"वन्सं, तुम्ही त्या दिवशी नेलंत तेवढं पुरे," चिलुफ्या म्हणाली. पण ते तिच्या मनात राहिलं. लघवी तर स्वच्छ होती. मग गोळ्या कशाला? आम्हा कुणाला न सांगता तिनं त्या बंद केल्या, एकदम.

काही दिवस पोर बरी दिसली. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. एका सकाळी चिलुफ्यानं उठवलं तर कासुबा ओल्या कपड्यासारखी हातात लोंबली, अंग गार, घाम सुटलेला. आम्ही पुन्हा हॉस्पिटलात. तिथं हाताला सुई लावून औषध आणि साखरेचं पाणी चढवलं, तेव्हा कुठं दुपारी तिनं डोळे उघडले.

डॉक्टर शोंगांनी त्या दिवशी थट्टा केली नाही. "या गोळ्या घेताना शरीर स्वतःचं तसलं औषध बनवायचं थांबवतं," त्या म्हणाल्या. "म्हणून जिना उतरावा तसं एकेक पायरी खाली यायचं असतं. तुम्ही तिला गच्चीवरून ढकललंत."

चिलुफ्या मान खाली घालून उभी होती. नासिलेले अजून त्याच वॉर्डात होती, दाराजवळच्या खाटेवर. तिला मधे लुसाकाला नेऊन पाठीत सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला होता. गाळणीवर जागोजागी व्रण झालेले होते. दुसरी औषधं देऊन झाली. आता लघवीच कमी होत चालली होती, डोकं दुखायचं, रक्तदाब चढायचा. मध्यंतरी पोटात नळी घालून काही दिवस पाणी सोडलं आणि काढलं, त्या पाण्याबरोबर अंगातलं विष थोडं बाहेर आलं. पण ते झोपलेल्या किडनीला जाग येईपर्यंत करायचं असतं. हिची जागी होणारी नव्हती. आणि वर्षानुवर्षं तसं करत राहण्याची सोय आमच्याकडं मुलांना मिळत नव्हती.

म्वांगाला सगळं ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर ती उठून आली आणि तिनं चिलुफ्याच्या थोबाडीत मारली. अख्खा वॉर्ड बघत राहिला.

"माझीला लागू पडल्या नाहीत," ती म्हणाली. "तुझीला पडतात. आणि तू टाकून दिल्यास."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. चिलुफ्याला मारून कुणी सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. पण ती खाटेच्या कडेवर बसली आणि गालावर हात ठेवून म्हणाली, "हो. टाकल्या." थोड्या वेळानं म्वांगाला तिच्या शेजारी बसली. संध्याकाळी मी शेडमध्ये गेले तर दोघी पुन्हा एकाच शेगडीवर शिजवत होत्या.

त्यानंतर चिलुफ्यानं गोळी कधी चुकवली नाही. कासुबा घरी आली, पण चिलुफ्या बाजार आवरून रोज हॉस्पिटलात जायला लागली. नासिलेलेचे केस विंचरायची, बारीक वेण्या घालायची. नासिलेले मोठी हजरजबाबी होती. "मावशी, तुमच्या हाताला मासळीचा वास येतो," ती म्हणायची. "मग नाक धर," चिलुफ्या म्हणायची, "केस तर नाकानं ओढत नाही ना मी?"

डॉक्टरांनी म्वांगालाला बाजूला बसवून खरं ते सांगितलं. आढेवेढे घेतले नाहीत, आणि सांगून झाल्यावर उठूनही गेल्या नाहीत. म्वांगालानं ठरवलं, मुलीला गावी न्यायचं, झांबेझी नदीच्या पुराच्या मैदानात, आजीकडं. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या, दुखण्याच्या, दम लागला तर द्यायच्या गोळ्या बांधून दिल्या आणि पुढं काय काय होईल ते समजावलं.

चिलुफ्यानं मला सांगितलं, "मी त्यांच्याबरोबर चाललेय."

"कुठं?"

"मोंगूला. ती एकटी पोर उचलेल का बोचकं उचलेल?"

"आणि कासुबा?"

"तू आहेस. कपेम्ब्वाला रजा घ्यायला सांगितलंय. गोळ्या सकाळी, खाल्ल्यावर. नळी शेगडीवर तापवायची, वरचा भाग. फुटली तर मी तुला सोडणार नाही."

म्वांगालानंही नको म्हणून पाहिलं. चिलुफ्या तिला म्हणाली, "तुम्ही लोझी कायम आमचं मैदान, आमचं पाणी म्हणून मिरवता. एकदा बघते तरी काय आहे ते."

बसचा प्रवास मला तिनं नंतर तुकड्या तुकड्यांनी सांगितला. लुसाकाला बस बदलली. मुलीला झोपता येत नव्हतं, आडवं केलं की दम लागायचा, म्हणून दोघींनी आळीपाळीनं तिला छातीशी उभं धरलं. जंगलाच्या पट्ट्यात ड्रायव्हरनं हत्ती दाखवायला बस हळू केली. नासिलेलेनं बघितले आणि म्हणाली, "यांच्यापेक्षा माझे पाय जाड आहेत." बसमधली एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. नासिलेले तिला म्हणाली, "हसा, हसा."

गावी पोचल्यावर आजीनं ताजा मासा रांधला. नासिलेलेनं मीठ मागितलं. कित्येक महिन्यांत तिनं मीठ चाखलं नव्हतं. म्वांगालानं चिलुफ्याकडं बघितलं. चिलुफ्यानं आजीच्या हातून मीठ घेतलं आणि स्वतः चिमूट टाकली. पोरीनं एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "ई, किती खारट आहे." पुढचा घास तिनं नुसत्याच माशाचा खाल्ला.

हे सांगताना चिलुफ्या मासळी पाखडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

ती परत आल्यावर काही आठवड्यांनी म्वांगालाचा फोन आला. चिलुफ्यानं ऐकलं, "बरं" म्हणाली, टोपल्यांवर चितेंगेचं कापड पसरलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली. त्या दिवशी एका गिऱ्हाइकानं मासळी फार बारीक आहे म्हणून कटकट केली, तेव्हा ती काहीच बोलली नाही. ते गिऱ्हाइकच गोंधळलं आणि बोलणं सोडून मुकाट्यानं मासळी घेऊन गेलं.

कासुबाचा आजार एकदम गेला नाही. सर्दी झाली, ताप आला की नळीत पुन्हा पांढरं दिसायचं, पुन्हा गोळ्या, पुन्हा गाल, पुन्हा पायऱ्या उतरणं. दर वेळी चिलुफ्या आठवडाभर जेवायची नाही नीट. नंतर डॉक्टरांनी दुसरं एक औषध जोडलं. खेपा कमी झाल्या, वर्षातून एक, मग दोन वर्षांत एक. शाळेत पोरं तिला भोपळा म्हणायची. कासुबानं त्यातल्या एकाला आईच्या तोंडून उचललेलं असं काही ऐकवलं की मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून घेतलं. म्वांगाला गावीच राहिली. तिचा आणि चिलुफ्याचा दर रविवारी फोन असतो, दोघी भाव विचारतात, पावसाचं बोलतात. नासिलेलेचं नाव निघतं का मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही.

आता कासुबा न्डोलाला वसतिगृहात राहून शिकते, शेवटचं वर्ष आहे. गेल्या थंडीत ती सुट्टीवर आली ती गाल फुगलेलीच. चिलुफ्यानं टोपली खाली ठेवली.

"हे कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. लघवीत दिसलं, मी दुसऱ्याच दिवशी तिथल्या हॉस्पिटलात गेले. गोळ्या सुरू केल्या. आता स्वच्छ आहे. उतरवायला सुरुवात पुढच्या आठवड्यात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"आई, तू तासातासाला फोन केला असतास. माझी परीक्षा होती."

"मी तुझी आई आहे का बाजारातली कुणी बाई?"

"आई आहेस म्हणून तर नाही सांगितलं."

चिलुफ्या चांगलीच चिडली. माझ्याकडं वळून म्हणाली, "ऐकलंस? शहाणी झाली! स्वतःची डॉक्टर!" अर्धा तास ती टोपल्या इकडच्या तिकडं करत राहिली, कुणाशी धड बोलेना. कासुबा शेजारच्या बाकावर बसून अळणी शेंगदाणे खात होती, माझेच. मग दुपार झाली, ऊन उतरायला लागलं, आणि बघते तर चिलुफ्या पोत्याला टेकून झोपून गेलेली, तोंड उघडं. भर बाजारात दिवसाढवळ्या तिला झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एक गिऱ्हाईक आलं, कापेंटाचा भाव विचारायला लागलं.

कासुबा आईला उठवायला निघाली. मी म्हटलं, "राहू दे," आणि उठून मापटं हातात घेतलं.